२१ चौरस किलोमीटरचा राष्ट्राध्यक्ष : नाउरूचा हॅमर डीरोबर्ट

धागाकर्ता : खडकवासी

मागे छोट्या देशांवरच्या एका धाग्यात कुणीतरी नाउरूचं नाव काढलं आणि लगेच खाली वासलात लागली : खतासाठी लागणारं फॉस्फेट विकून गब्बर झाले, उधळपट्टी केली, कंगाल झाले, विषय संपला. तिथेच लिहायला घेतलं होतं, पण प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा लांब व्हायला लागला. म्हणून हा वेगळा धागा. यातला नायक हॅमर डीरोबर्ट, नाउरूचा पहिला राष्ट्राध्यक्ष. नायक म्हणतोय खरा, पण त्याच्या चुकाही डोंगराएवढ्या आहेत. त्या प्रतिसादांत निघतीलच, मंडळी सोडणार थोडीच.

आधी आकार डोक्यात बसवा. नाउरू म्हणजे पॅसिफिक महासागरातलं २१ चौरस किलोमीटरचं एकुलतं बेट. आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात अशी चार बेटं मावतील. नदी नाही, नैसर्गिक बंदर नाही. कडेने नारळीची हिरवी पट्टी, तिच्यातून बेटाला वळसा घालणारा एकच रस्ता. मधला सगळा उंचवटा, ज्याला तिथे 'टॉपसाइड' म्हणतात, तो खणून काढलेला. फॉस्फेट उपसलं की खाली उरतात प्रवाळखडकाचे सुळके. राखाडी, माणसापेक्षा उंच, एकाला एक खेटून, शेकडो. मधल्या फटींत पाऊल टाकायलाही सपाट जागा नाही. शेती सोडाच, गुरं चरायलाही उपयोग नाही.

याची सुरुवात एका दाराच्या दगडापासून झाली. सिडनीत पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या कचेरीत दार मिटू नये म्हणून नाउरूहून आणलेला एक दगड लावलेला असे. लाकडाचा दगड झालाय असा सगळ्यांचा समज. १८९९ मध्ये अल्बर्ट एलिस नावाच्या तिथल्या माणसाला शंका आली, त्याने तुकडा तपासला आणि निघालं उंची फॉस्फेट. बेट तेव्हा जर्मनांकडे होतं. काही वर्षांतच खणायला सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट घेतलं, आणि १९१९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया नि न्यूझीलंड अशा तिघांनी मिळून 'ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स' हे प्रकरण उभं केलं. राष्ट्रसंघाच्या कागदावर हे तिघे नाउरूकरांचे पालक. पालकांनी पाल्याचं परसू खणून स्वतःच्या शेतात नेऊन टाकलं, तेही जागतिक बाजारभावाच्या कितीतरी खाली. जमीनमालकाला सुरुवातीला मिळत होता टनामागे अर्धा पेनी.

डीरोबर्टचा जन्म १९२२ चा. तो लहान असतानाची एक गोष्ट मला या सगळ्याची किल्ली वाटते. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या ऑस्ट्रेलियन प्रशासकाने हिशेब मांडला की या लोकांना एक समाज म्हणून टिकायचं तर निदान १५०० माणसं हवीत. तेवढी नव्हती. त्यातच १९२० च्या इन्फ्लुएन्झाने अनेक घरं रिकामी केली. मग अख्खं बेट मोजत बसलं. १५०० वं मूल जन्मलं २६ ऑक्टोबर १९३२ ला. तो दिवस 'अंगाम' म्हणून आजही तिथे सणाचा असतो. जन्माची आकडेवारी हाच सण! डीरोबर्ट तेव्हा दहा वर्षांचा.

पुढे तो ऑस्ट्रेलियात जिलाँगला शिकला, परत येऊन मास्तर झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानी सैन्य उतरलं. १९४३ मध्ये त्यांनी सुमारे १२०० नाउरूकरांना जहाजांत घालून दीडेक हजार किलोमीटरवरच्या ट्रूक बेटांवर मजुरीला नेलं. तरुण डीरोबर्ट त्यांच्यात होता. त्याच वर्षी ३९ कुष्ठरुग्णांना 'दुसरीकडे हलवतो' सांगून नावेत बसवलं आणि समुद्रात नेऊन ती नाव बुडवली. ट्रूकवर उपासमार, आजार, बॉम्ब. ३१ जानेवारी १९४६ ला 'ट्रायेंझा' जहाजाने जे परत आले ते ७३७. म्हणजे पुन्हा १५०० च्या खाली. दुसरं अंगाम व्हायला १९४९ उजाडलं.

ही तारीख, ३१ जानेवारी, लक्षात ठेवा. पुढे लागेल.

१९५५ मध्ये डीरोबर्ट स्थानिक परिषदेत निवडून आला आणि १९५६ मध्ये 'हेड चीफ' झाला. परिषद म्हणजे नावाला. रस्त्यावरचे दिवे, समारंभ असलं काही तिच्याकडे, खरा कारभार प्रशासकाकडे आणि पैसा कमिशनर्सकडे. त्याच सुमाराला सगळ्यांना कळून चुकलं होतं की १९९० च्या दशकात फॉस्फेट संपणार. मग ही माणसं करणार काय? ऑस्ट्रेलियाचा तोडगा सरळ होता : बेट सोडा, आमच्याकडे या. क्वीन्सलँडमध्ये ग्लॅडस्टनजवळ कर्टिस आयलंड नावाचं नाउरूपेक्षा कितीतरी मोठं बेट, घरं बांधून देऊ, रोजगार देऊ, नागरिकत्व देऊ.

डीरोबर्टने ते पाहिलं, बोलणी केली, आणि १९६४ मध्ये 'नको' म्हणून सांगितलं.

माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम हे 'नको' आहे. ऑस्ट्रेलिया जमीन द्यायला तयार होता, सार्वभौमत्व द्यायला नव्हता. तिथे गेले असते तर क्वीन्सलँडमधली एक नगरपालिका झाले असते आणि दोन पिढ्यांत विरघळले असते. नकार दिल्यावर मात्र त्याच्या हातात एक हुकमाचं पान आलं : आम्ही जात नाही, म्हणजे खालचं फॉस्फेट आमचं आणि त्याचा भावही आम्हीच बोलणार. पुढची तीन वर्षं हा माजी शाळामास्तर तीन सरकारांच्या अधिकाऱ्यांसमोर बसून टनाचा दर वाढवून घेत राहिला. १९६७ मध्ये करार झाला : कमिशनर्सची बेटावरची सगळी यंत्रसामग्री, रूळ, धक्के नाउरूने २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला विकत घ्यायचे. ज्यांनी घर खणलं त्यांच्याकडून कुदळी विकत घेतल्या म्हणा ना.

आणि स्वातंत्र्याचा दिवस? ३१ जानेवारी १९६८. ट्रूकहून परत आल्याची बावीस वर्षं पुरी होतात तो दिवस. तीनेक हजार नाउरूकरांचं प्रजासत्ताक.

पुढचं अध्यक्षपद, हरणं-जिंकणं, विमानं आणि इमारती यांवर खाली बोलू. आत्ता हात दुखले.

---

शेंगदाणा

वाखूसा (वाचनखूण साठवली). दाराच्या दगडाचा किस्सा भारी. आणि 'हॅमर' हे खरंच पाळण्यातलं नाव? आईवडिलांना मुलगा काय करणार याचा अंदाज होता वाटतं.

---

मुद्द्याचं बोला

लेख छान, पण भावनेच्या भरात एक गोष्ट निसटली. १९६४ चं ते 'नको' आज कुठे घेऊन आलं? फॉस्फेट संपलं, पैसा संपला, आणि २००१ पासून हा सार्वभौम देश ऑस्ट्रेलियाने समुद्रात अडवलेल्या शरणार्थ्यांना ठेवून घ्यायचे पैसे घेतोय. ऑस्ट्रेलियाचे नागरिक व्हायचं नाकारलं आणि ऑस्ट्रेलियाचे भाडेकरू झाले. कर्टिस आयलंडवर गेले असते तर आज मुलं ब्रिस्बेनला शिकली असती, दवाखाना शेजारी असता. मधुमेहाचं तिथलं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. ध्वज खाऊन पोट भरत नाही.

---

खडकवासी

मुद्द्याचं बोला, भाडेकरू शब्द लागला, आणि बरोबरही आहे. पण दोन गोष्टी.

एक, १९६४ च्या ऑस्ट्रेलियात 'गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया' हे धोरण अजून जिवंत होतं. तिथल्या मूळनिवासींनाच कशी वागणूक मिळत होती ते डीरोबर्टने जिलाँगच्या दिवसांपासून डोळ्यांनी पाहिलं होतं. अशा देशात 'या, आमच्यात मिसळा' या आमंत्रणाचा अर्थ काय होतो?

दोन, पैसा संपला हा १९६४ च्या निर्णयाचा परिणाम नाही. तो १९६८ नंतरच्या निर्णयांचा आहे. त्यातले बरेच याच माणसाचे, ते मी नाकारत नाही. घर न विकणं शहाणपणाचं होतं. पुढे घरातले दागिने कुठे गहाण टाकले हा वेगळा हिशेब.

शेंगदाणा, हो, पाळण्यातलंच.

---

बंदरावरची बाई

कर्टिसला गेले असते तर काय झालं असतं हे पाहायचं असेल तर शेजारचं बानाबा बेट पाहा. तिथेही तेच फॉस्फेट, तेच कमिशनर्स, तोच अल्बर्ट एलिस. युद्धात जपान्यांनी बानाबाकरांनाही बेटाबाहेर नेलं होतं. १९४५ मध्ये युद्ध संपल्यावर इंग्रजांनी त्यांना घरी आणलंच नाही, थेट फिजीतल्या राबी बेटावर नेऊन उतरवलं. बेट मोकळं, खणायला सोय. पुढे त्यांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला, तो खूप गाजला, न्यायाधीश बेटावर जाऊन पाहून आले, आणि १९७६ मध्ये निकाल मुख्यतः त्यांच्या विरोधात गेला. आज बानाबा किरिबातीत आहे, बानाबाकर बहुतेक फिजीत, आणि देश म्हणून त्यांचं नाव कुठेच नाही. डीरोबर्टच्या डोळ्यांसमोर हे उदाहरण होतं. त्यामुळे 'भावनेच्या भरात' हे काही पटलं नाही.

---

मुद्द्याचं बोला

बानाबाचं माहीत नव्हतं. अर्धा मुद्दा मागे घेतो. अर्धाच.

---

यारा_काठी

मेलबर्नहून लिहितोय. ८० कॉलिन्स स्ट्रीटला ५२ मजली 'नाउरू हाऊस' आहे. १९७७ साली बांधून झालं, तेव्हा शहरातल्या सर्वांत उंच इमारतींपैकी एक. फॉस्फेटच्या पैशातून डीरोबर्टच्या काळात उभं राहिलेलं. इथल्या लोकांनी तिचं जे टोपणनाव पाडलं ते सभ्य भाषेत 'पक्ष्यांच्या शिटेचा मनोरा' असं होईल, कारण ते फॉस्फेट पक्ष्यांच्या विष्ठेचं असा समज.

नोकरीला लागलो तेव्हा डबा घेऊन जवळच बसायचो. वर मान करून मजले मोजायचो आणि मध्येच विसरायचो. खूप उशिरा कळलं की आपल्या गावच्या जत्रेला जमतात तेवढ्या लोकांच्या देशाने ही इमारत बांधली होती. २००४ मध्ये कर्ज फेडण्यासाठी ती विकावी लागली.

अवांतर : नाउरूचा राष्ट्रीय खेळ आपला क्रिकेट नाही की रग्बी नाही, तर व्हिक्टोरियातला लंबगोल चेंडूचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल. १९३० च्या दशकात जिलाँगला शिकायला आलेल्या नाउरूच्या पोरांनी तो घरी नेला, त्या पोरांत डीरोबर्टही होता. आमच्या इथल्या मराठी मुलांना तो खेळ अजून धड कळत नाही, ते सोडा.

---

चौकस आजी

खडकवासी, तुम्ही मुत्सद्दीपणाचं कौतुक केलंत ते ठीक. पण आमच्या पिढीचा प्रश्न सरळ असतो : पैसा गेला कुठे? हिशेब द्या.

---

खडकवासी

आजी, हिशेबाला बसतो.

१९७० मध्ये नाउरू फॉस्फेट कॉर्पोरेशनने खाणी हातात घेतल्या. ७० च्या दशकाच्या मध्यावर जगात फॉस्फेटचा भाव कित्येक पटींनी चढला, आणि डोईउत्पन्नात हे बेट जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांत जाऊन बसलं. आयकर नाही. शाळा फुकट, दवाखाना फुकट, मोठं दुखणं आलं तर मेलबर्नला उपचार सरकारी खर्चाने. कारकुनीपासून खाणकामापर्यंत कामाला बाहेरची माणसं.

डीरोबर्टच्या मनातला बेत चुकीचा नव्हता. उत्पन्नाचा मोठा हिस्सा न्यासात घालायचा, तो जगभर गुंतवायचा, आणि खाण संपल्यावर व्याजावर देश चालवायचा. नोकरदार माणूस निवृत्तीची सोय करतो तसं. न्यास भरलाही, शिखरावर रक्कम एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पलीकडे गेली. गळती वेगळ्या जागी होती. १९७० मध्ये एअर नाउरू सुरू केली, आणि एका तालुक्याच्या गावाएवढ्या देशाकडे पाचेक बोइंग विमानं झाली. पॅसिफिकभर उडायची, बरीचशी रिकामी. तोटा वर्षानुवर्षे. डीरोबर्टचं म्हणणं असं की विमान नसेल तर बेटाला जगाचा रस्ताच नाही. खरंय, पण रस्त्याला एक विमान पुरलं असतं. हॉटेलं, जहाजं, परदेशी मालमत्ता, आणि प्रत्येक व्यवहाराला टाय लावलेला एखादा सल्लागार. तो मेल्यानंतर तर लंडनच्या एका संगीत नाटकात पैसे घातले, ते काही आठवड्यांत आपटलं. ९० च्या दशकात न्यास आटला, अंगावर कर्जं चढली.

म्हणजे आजी, चोरी कमी, हौस आणि भाबडेपणा जास्त, आणि जाब विचारणारं कुणी नाही.

---

चौकस आजी

जाब विचारणारं कुणी नाही कसं? संसद होती ना?

---

पंचायत समिती

आजी, ती संसद म्हणजे तेव्हा १८ सदस्य. पक्ष जवळपास नाहीतच. राष्ट्राध्यक्ष जनता निवडत नाही, हे अठरा जण आपल्यातलाच एक निवडतात. मी एका ११ सदस्यांच्या ग्रामपंचायतीचं राजकारण जवळून पाहिलंय, त्यामुळे पुढची गोष्ट वाचताना हसू आवरेना. दोन जणांनी कुस बदलली की सरकार पडतं, आणि ते दोघे कुणाचे तरी साडू-मेहुणे असतात.

डीरोबर्टने १९७६ च्या शेवटी पद गमावलं, बर्नार्ड डोवियोगो नावाचा तरुण आला. १९७८ मध्ये डीरोबर्ट परत. १९८६ मध्ये अर्थसंकल्पावरून घसरला, केनन अडियांग अध्यक्ष झाला, तो दोन आठवडे टिकला, डीरोबर्ट परत. डिसेंबरात निवडणूक झाली, पुन्हा अडियांग, पुन्हा थोडेच दिवस, पुन्हा डीरोबर्ट. सरपंचपद असं फिरताना पाहिलंय, पण इथे सरपंचाला राजदूत सलाम ठोकतात! ऑगस्ट १९८९ मध्ये अविश्वास ठराव आला आणि तो शेवटचा ठरला.

हेड चीफ म्हणून धरले तर १९५६ ते १९८९, मधली दीडेक वर्षं वगळता हाच माणूस. तेहतीस वर्षांत बेटावर जन्मलेल्या कुणालाही दुसरा चेहरा फारसा माहीत नाही. अशा माणसाला जाब विचारायला त्याच्याच पंगतीतल्या सतरा जणांपैकी कोण उठणार?

---

रिंकी_मावशी

मला खटकलेली गोष्ट वेगळीच. धाग्यात 'बाहेरची माणसं कामाला' हे एका वाक्यात आलं आणि गेलं. खाणीत उतरणारे हात होते गिल्बर्ट आणि एलिस बेटांवरचे (आजचे किरिबाती आणि तुवालू) आणि हाँगकाँगहून आणलेले चिनी. बेटावरच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा मोठा. वेगळ्या चाळींत राहायचे, करार संपला की परत पाठवणी. ना जमीन, ना मत, ना नागरिकत्व. ज्या माणसाला ट्रूकवर नेऊन मजुरी करायला लावलं, त्याच्या देशाने मजुरांना असं ठेवावं? स्वतःच्या १५०० चं एवढं अप्रूप, आणि इतरांची मोजदाद फक्त हजेरीपटावर.

---

खडकवासी

रिंकी मावशी, यावर माझ्याकडे बचाव नाही. मूळ लेखात हे यायला हवं होतं. १५०० ची धास्ती घेऊन वाढलेल्या समाजाला बाहेरच्याला आत घेणं म्हणजे स्वतः संपणं वाटत असणार. कारण कळतं, पटत मात्र नाही. त्याच भीतीतून त्याने बेट वाचवलं आणि त्याच भीतीतून दार लावून घेतलं.

---

शेंगदाणा

राष्ट्राध्यक्षांना अख्ख्या धाग्यात अरे-तुरे चाललंय हे कुणाच्या लक्षात आलं का? १९८२ मध्ये ते 'सर' झालेत म्हणे.

---

खडकवासी

आलंय. आपण ज्याच्यावर जीव टाकतो त्याला एकेरीच हाक मारतो, ती मराठीची सवय. सर हॅमर समजून घेतील.

---

उलटतपास

वकिलांना आवडेल असा भाग राहिला, तो मी भरतो. जरा लांब होईल.

१९६७ च्या करारात एक मोठी फट होती. यंत्रं कितीला, फॉस्फेट कितीला, सगळं ठरलं; पण तोवर खणून ठेवलेल्या एकतृतीयांश बेटाचं काय, ते कोण भरून देणार, यावर करार गप्प. डीरोबर्टने ती जबाबदारी तिघांनी घ्यावी असं बोलणीतही मांडलं होतं, त्यांनी ती घेतली नाही. स्वातंत्र्य अडून राहू नये म्हणून त्याने सही केली. पण गंमत पुढे आहे. स्वातंत्र्याच्या सोहळ्यातच त्याने जाहीरपणे सांगून टाकलं की या एकतृतीयांश भागाची दुरुस्ती ही ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची जबाबदारी आहे असं आम्ही मानतो. सिडनीच्या वर्तमानपत्रात ते छापून आलं. नंतर पत्रं लिहिली. नकार आला. १९८३ मध्ये थेट ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांना पत्र. पुन्हा नकार.

१९८६ च्या अखेरीस त्याने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष कोण, तर श्रीलंकेचे ख्रिस्तोफर वीरमंत्री, जे पुढे स्वतः आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झाले. आयोगाने निष्कर्ष काढला की स्वातंत्र्यापूर्वी खणलेल्या जमिनीची जबाबदारी तिघा पालकांचीच. १९ मे १९८९ ला नाउरूने हेगच्या न्यायालयात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दावा दाखल केला. मूठभर लोकांचा देश विरुद्ध अख्खं खंड!

ऑस्ट्रेलियाने बरेच आक्षेप घेतले. त्यातला एक आपल्या दिवाणी कोर्टातल्या कुठल्याही प्रतिवादीला सुचेल असा : फार उशीर झाला, वीस वर्षं झोपला होतात का? न्यायालयाने हा आक्षेप फेटाळताना बोट कशावर ठेवलं, तर त्या १९६८ च्या जाहीर विधानावर आणि नंतरच्या पत्रव्यवहारावर. झोपले नव्हते, पहिल्या दिवसापासून सांगत होते. समारंभाच्या दिवशी एखादा नेता फुलं, हार, आभार यांत रमला असता. या माणसाने त्या दिवशी दावा मुदतबाह्य ठरू नये याची सोय करून ठेवली. मी अशिलांना अजून सांगतो, बाबांनो, तोंडी नको, नोंद ठेवा.

कमिशनर्सच्या परदेशातल्या शिल्लक मालमत्तेत वाटा हवा ही मागणी मात्र न्यायालयाने ऐकली नाही. बाकी दावा पुढे चालवण्याजोगा ठरला. तारीख २६ जून १९९२. डीरोबर्ट १५ जुलै १९९२ ला मेलबर्नमध्ये वारला. एकोणीस दिवस. ऑगस्ट १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने कोर्टाबाहेर तडजोड केली, १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, काही आधी आणि बाकी वीस वर्षांत. ब्रिटन आणि न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला प्रत्येकी १ कोटी २० लाख दिले.

---

मुद्द्याचं बोला

उलटतपास यांच्या प्रतिसादानंतर माझा उरलेला अर्धाही डळमळला. पण एक विचारतो, ते पैसे आल्यावर सुळके भरले का?

---

उलटतपास

फारच थोडे. त्याची उत्तरं आजींच्या हिशेबात आहेत.

---

यारा_काठी

डीरोबर्टला कोर्टाची भीती नव्हतीच. १९७८ मध्ये अमेरिकेच्या ताब्यातल्या ग्वाम बेटावरच्या एका वर्तमानपत्राने छापलं की त्याने मार्शल बेटांतल्या फुटीर मंडळींना कर्ज दिलं. या गड्याने अमेरिकन कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा ठोकला आणि तो वर्षानुवर्षे चालवला. स्वतः राष्ट्राध्यक्ष असताना!

---

वास्कोकार

मी हा धागा दोन दिवस नुसता वाचतोय. आता एक गोष्ट सांगतो, खुर्ची धरून बसा.

१९८१ मध्ये भारत सरकारने ओडिशात पारादीपला डीएपी खताचा कारखाना काढायला कंपनी स्थापन केली, पारादीप फॉस्फेट्स. भागीदार कोण? नाउरू प्रजासत्ताक! डीरोबर्टच्याच काळातलं हे. ९० च्या दशकात नाउरू त्यातून बाहेर पडला आणि कंपनी पूर्ण सरकारी झाली. २००२ मध्ये सरकारने तिचा मोठा हिस्सा विकला, तो घेतला झुआरी आणि मोरोक्कोच्या फॉस्फेटवाल्यांच्या संयुक्त कंपनीने. झुआरी म्हणजे आमची, झुआरीनगरची, जय किसान गोणीवाली. आणि आता चक्र पुरं ऐका : २०२२ मध्ये त्याच पारादीप फॉस्फेट्सने आमचा गोव्याचा कारखाना विकत घेतला.

दाबोळीच्या विमानतळावरून बाहेर पडलं की थोड्या अंतरावर ज्या चिमण्या दिसतात ना, त्या आता अशा कंपनीच्या आहेत जिच्या जन्मदाखल्यावर एका बाजूला भारत सरकार आणि दुसऱ्या बाजूला हॅमर डीरोबर्टचा देश आहे. मी त्या चिमण्यांखालून बसने शाळेत गेलोय. अमोनियाचा वास आला की कंडक्टर न सांगता कळायचं स्टॉप आला.

---

चौकस आजी

अगो बाई! हे कुठल्या कुठे निघालं.

---

शेंगदाणा

हा धागा आता पहिल्या पानावर चिकटवा कुणीतरी. वास्कोकार, साष्टांग दंडवत.

---

खडकवासी

वास्कोकार, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं, आणि मी या माणसावर दोन वर्षं वाचतोय. आजींच्या हिशेबात ही एक जमेची ओळ घालायला हवी. विमानं आणि इमारती यांच्या तुलनेत खताच्या कारखान्यात पैसा घालणं हे तरी धंद्याला धरून होतं : आपला दगड ज्याला लागतो त्याच्या घरात भागी घ्यायची. फिलिपीन्समध्येही त्यांनी असाच एक खतकारखाना धरला होता. सगळे बेत असे असते तर.

तुमच्या घरचं कुणी होतं का कारखान्यात? जुन्या माणसांना नाउरूचं नाव आठवतं का?

---

वास्कोकार

बाबा होते, बॅगिंगला. काल रात्री फोनवर विचारलं. म्हणाले, "मालक कोण ते वरचे बघायचे रे. आम्ही बघायचो गोणी पन्नासची भरली की नाही."

मग थोडं थांबून विचारलं, "तो दगड दाराला लावलेला, तो आता कुठे असतो?"